विश्लेषण : स्मरणचित्रातली माणसे ताठ का उभी राहतात? रोजच्या ‘जेश्चर ड्रॉइंग’ने काय बदलते?

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत स्मरणचित्राचा पेपर असतो. कला महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षेतही तो असतो. बाजार, बसस्थानक, सणाची मिरवणूक अशा विषयांत घरे, झाडे आणि रंग जमतात; माणसे मात्र पाठ केलेली, काठीसारखी ताठ उतरतात. त्यावरचा उपाय म्हणजे जेश्चर ड्रॉइंगचा नियमित सराव. जळगाव-धुळे परिसरात त्यासाठी लागणारे ‘मॉडेल’ घराबाहेर पडताच भेटतात.

जेश्चर ड्रॉइंग म्हणजे काय?

समोरचे शरीर काय करते आहे, हे अर्ध्या ते दोन मिनिटांत रेषेत पकडणे म्हणजे जेश्चर ड्रॉइंग. नाक-डोळे, बोटे, कपड्यांच्या चुण्या यांना त्यात जागा नाही. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमधील शिक्षक किमॉन निकोलाइड्स यांनी या पद्धतीवर मोठा भर दिला. त्यांच्या निधनानंतर १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द नॅचरल वे टू ड्रॉ’ या पुस्तकात सरावाचे वेळापत्रकच दिले आहे. वस्तू कशी दिसते यापेक्षा ती काय करते, हे आधी पाहायचे, हा त्यामागचा विचार.

वेळ इतका कमी का?

वेळ भरपूर असला की हात चेहऱ्याकडे वळतो आणि शरीराचा तोल राहून जातो. ३० सेकंदांत पाठीचा बाक, खांद्यांचा कल आणि भार पेललेला पाय एवढेच मांडता येते. चित्रातली आकृती जिवंत वाटते ती याच तीन गोष्टींमुळे.

नेमके काय पाहायचे?

रावेर-यावल भागात केळीची भरणी सुरू असताना खांद्यावर घड घेतलेला मजूर पाहावा. भार उजव्या खांद्यावर असेल तर धड डावीकडे सरकते, मानही तिकडेच कलते. तसे झाले नाही तर तोल जाईल. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसाची त्या बाजूची कंबर वर येते आणि सहसा त्याच बाजूचा खांदा खाली झुकतो. गळ्याखालची खोबण साधारणपणे भार पेललेल्या पावलाच्या रेषेत येते. ही उभी रेषा चुकली की चित्रातला माणूस पडतोय असे वाटते.

जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवरच्या अजिंठ्यात, पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या मान, धड आणि कंबर यांच्या त्रिभंगात हेच कल दिसतात. धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे जन्मलेले शिल्पकार राम सुतार यांनी १९५४ ते १९५८ या काळात अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम केले होते. लेण्यांतील आकृत्यांच्या छापील चित्रांवरूनही कलांचा अभ्यास करता येतो.

रोजचा सराव कसा असावा?

२० मिनिटे पुरतात : ३० सेकंदांची १० चित्रे, एका मिनिटाची ५ आणि दोन मिनिटांची ५. पाठकोरे कागद आणि ४बी किंवा ६बी पेन्सिल घ्यावी; खोडरबर घरीच ठेवावे. पहिली रेषा डोक्यापासून भार पेललेल्या पावलापर्यंत. मग खांदे व कंबर यांचे कल आणि शेवटी हात-पाय. रेषा मनगटातून नव्हे, खांद्यातून ओढावी. आठवड्यातून एकदा सलग तीन तास बसण्यापेक्षा रोजची २० मिनिटे अधिक उपयोगी पडतात, कारण इथे मुख्यतः पाहण्याची सवय घडवायची असते.

हलणारी माणसे कशी रेखाटायची?

भुसावळ जंक्शनचा फलाट किंवा धुळ्याचे बसस्थानक इथे गाडीची वाट पाहणारी माणसे बराच वेळ एकाच ढंगात बसतात. सुरुवात त्यांच्यापासून करावी. पुढे आठवडे बाजार. भाजी तोलणे, गोणी उचलणे, पाटी डोक्यावर चढवणे ही कामे पुन:पुन्हा होतात. त्यामुळे एकाच पानावर तीन-चार चित्रे सुरू करावीत आणि ती हालचाल परत आली की त्या-त्या चित्रात भर घालावी. जवळून रेखाटताना मात्र समोरच्याला विचारलेले बरे.

प्रगती कशी ओळखायची?

सुरुवातीची बरीच चित्रे अर्धवट राहतात, ते स्वाभाविक आहे. प्रत्येक पानावर तारीख घालावी आणि महिन्याने पहिली पाने शेजारी ठेवून पाहावीत. दोन प्रश्न पुरेत : आकृती आपल्या पायांवर उभी आहे का, आणि ती काय करते आहे हे दुसऱ्याला न सांगता कळते का? काही आठवड्यांनी हाताला ठरावीक वळण पडते व सगळ्या पाठी सारख्याच वाकलेल्या दिसू लागतात. तेव्हा विषय बदलावा; लहान मुले, म्हातारी माणसे, पोळ्याचे बैल रेखाटावेत.

एवढ्याने परीक्षेचे काम होते का?

पूर्णपणे नाही. प्रमाण आणि हाडांची रचना समजण्यासाठी आठवड्यातून एक तरी चित्र तासभर बसून करावे लागते. स्मरणचित्रासाठी आणखी एक पायरी आहे. बाजारातून घरी आल्यावर वही न उघडता त्यांतल्या पाच आकृती पुन्हा काढायच्या आणि मग मूळ पानाशी ताडून पाहायच्या. जिथे फरक पडेल, तिथे काय पाहायचे राहिले ते कळते. दुसऱ्या दिवशी तेच आधी पाहायचे.