तीर्थनच्या काठी

माझे वडील भूलतज्ज्ञ. चार दशके त्यांनी बेळगावातील शस्त्रक्रियागृहांत रुग्णांच्या श्वासांवर पहारा ठेवला. पुढे त्यांना कमी ऐकू येऊ लागले. एकदा मॉनिटरचा इशारा त्यांच्या कानी पडला नाही. रुग्णाला इजा झाली नाही. परंतु "बाबा, आता थांबा," असे मी तिथेच, सर्वांसमक्ष म्हणालो. ते थांबले. त्यानंतर आमच्यात कामापुरतेच बोलणे उरले.

तरुणपणी बाबा मार्कंडेय नदीवर गळ टाकून बसत. तो छंद आठवून २०२२ च्या ऑक्टोबरात मी त्यांना हिमाचलातील तीर्थन खोऱ्यात नेले. २०१४ साली जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातून ही नदी वाहत येते. मूळचा युरोपातील ब्राउन ट्राउट मासा इंग्रजांनी कुलूच्या नद्यांत आणून सोडला. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो, म्हणून तो तेथे रुजला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा विणीचा काळ. तेव्हा मासेमारी बंद असते. एरवी मत्स्य विभागाचा परवाना काढावा लागतो.

आमचा वाटाड्या बंजारकडचा तरुण होता. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष म्हणजे पिसे व दोरा गुंडाळून केलेला नकली कीटक. त्याला वजन नसते. वजन असते दोरीला. दोरी मागे फेकायची, ती हवेत पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचे आणि मगच पुढे झोकायची. मला तो क्षणभराचा धीर निघेना. माझी दोरी सतत झुडपांत अडके. पाणी उडेल म्हणून बाबांनी श्रवणयंत्र काढून खिशात ठेवले होते. वाटाड्याने त्यांचे मनगट धरून दोनदा लय दाखवली आणि तिसऱ्या खेपेस त्यांची दोरी खडकामागच्या संथ पाण्यावर अलगद उतरली. थांबणे हाच तर त्यांचा व्यवसाय होता.

दुपारी त्यांच्या गळाला वीतभर लांबीचा, तांबड्या ठिपक्यांचा ट्राउट लागला. छायाचित्रासाठी मी तो उचलून धरला.

"पाण्यात ठेव त्याला! श्वास कोंडलाय त्याचा!" बाबा ओरडले.

खरेच होते. पाण्याबाहेर कल्ल्यांचे पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि भोवती हवा असून मासा गुदमरतो. बाबांनी हात ओले केले, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो. गळ काढून त्यांनी त्याला प्रवाहाकडे तोंड करून हलकेच धरले. "छोड़ दीजिए, डॉक्टर साहब," वाटाड्या म्हणाला. बाबांना ते ऐकू आले नसावे. त्यांची नजर कल्ल्यांच्या उघडझापीवर खिळली होती. बऱ्याच वेळाने शेपटीने जोर केला आणि मासा निसटला.

"पूर्ण शुद्धीवर आल्याखेरीज पेशंट सोडायचा नाही," ते म्हणाले.

काठावर बसून त्यांनी श्रवणयंत्र कानात घातले. मग पाण्याकडे पाहत म्हणाले, "त्या दिवशी तू सांगितलंस ते बरोबरच होतं. पण ते बाहेर आल्यावर सांगायला हवं होतंस."

"चुकलं माझं, बाबा," मी म्हणालो. हे शब्द उच्चारायला मला दोन वर्षे लागली होती.

त्या रात्री जेवताना त्यांनी, दोन वर्षांत प्रथमच, माझ्या रुग्णांची विचारपूस केली. मी सावकाश, मोठ्याने सांगत गेलो.