चारही टायर हिवाळ्याचेच
रस्ता आणि रबर : भाग ७

‘गाडी ओढतात ती पुढची चाकं, मग हिवाळ्याचे टायर पुढे दोनच घातले तर चालतील ना?’ नोकरीच्या निमित्ताने जर्मनीत गेलेल्या आणि तिथे पहिलीच छोटी गाडी घेतलेल्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न वेडगळ नाही. पोलो, कोर्सा, फाबिया, आय-ट्वेंटी या सगळ्या गाड्यांचं इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे आणि ताकद जाते तीही पुढच्याच चाकांना. दोन टायरांवर भागलं तर खर्च निम्मा. तरीही उत्तर ठाम ‘नाही’ असंच आहे. ते का, हे नीट कळलं की हिवाळी टायर निवडतानाचे बाकीचे बरेच निर्णय सोपे होतात. म्हणून आज सुरुवात तिथूनच.

अशा गाडीचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या आसावर असतं. त्यामुळे बर्फात जागेवरून निघायला ती चांगली. चढावरही बऱ्यापैकी तग धरते. पुढे हिवाळी टायर घातले की हा गुण आणखी वाढतो आणि चालकाला वाटतं, गाडी बर्फाला सरावली. खरी परीक्षा निघताना नसते, वळताना आणि थांबताना असते. समजा, तुम्ही उतारावरच्या वळणात शिरलात आणि वेग जरा जास्त वाटला म्हणून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचललात. वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात. पुढचे टायर रस्ता धरून वळतायत आणि मागचे उन्हाळी टायर थंडीने कडक झालेले. मागची बाजू सुटते आणि गाडी स्वतःभोवती फिरू लागते.

चारही टायर सारखे वाईट असते तर बहुधा आधी पुढचा भाग सरळ घसरत गेला असता. तेही वाईटच, पण घाबरलेला माणूस पाय उचलतो, वेग उतरतो आणि पुष्कळदा पकड परत मिळते. मागची बाजू निसटली तर उपाय उलटा करावा लागतो. मागचा भाग ज्या बाजूला चाललाय त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवायचं, तेही ब्रेकवर पाय न देता आणि एका क्षणात. पुण्या-मुंबईत गाडी शिकलेल्याला याचा सराव असण्याचं कारण नाही, आणि जर्मनीत जन्मलेल्या बहुतेक चालकांनाही तो नसतो. ‘ईएसपी आहे ना’ असं कुणी म्हणेल. युरोपीय संघात नोव्हेंबर 2014 पासून प्रत्येक नव्या मोटारीत घसरण आवरणारी ही यंत्रणा आहे आणि तिने पुष्कळ जीव वाचवले आहेत. पण ईएसपी एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावते, तो टायरच्या पकडीच्याच जोरावर. मागच्या टायरना पकड नसेल तर तिच्या हाती फारसं काही उरत नाही.

हिवाळी टायर वेगळा पडतो तो आधी रबरामुळे. थंडीत खोबरेल तेल थिजतं तसं उन्हाळी टायरच्या नक्षीचं रबर गारठ्यात ताठ होत जातं. डांबराच्या बारीक खडबडीत पृष्ठभागात शिरून तो धरून ठेवणं हे रबराचं काम, आणि ताठ रबर ते करू शकत नाही. हिवाळी मिश्रणात बराच कमी तापमानालाही लवचीक राहणारी रबरं आणि भरपूर सिलिका वापरतात. ‘सात अंशांखाली हिवाळी टायर’ हा नियम तुम्ही ऐकला असेल. तो लक्षात ठेवायला बरा; पण सात अंशांना काही कळ दाबली जात नाही. कोरड्या रस्त्यावर पाच अंशांना चांगला उन्हाळी टायर अजूनही लवकर थांबू शकतो. अडचण अशी की नोव्हेंबरातली सकाळ कोरडी राहील याची हमी कुणी देत नाही. पुलावर, झाडीतल्या सावलीत आणि नदीकाठी रस्ता बाकी ठिकाणांच्या आधी गोठतो.

दुसरा फरक नक्षीचा. हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने कापल्यासारख्या नागमोडी बारीक चिरा असतात. ठोकळा रस्त्यावर दाबला गेला की त्या किंचित उघडतात आणि प्रत्येक चिरेची कड बर्फात रुतते. मोठ्या खोबणींत बर्फ ठासून भरतो. बघणाऱ्याला वाटतं, टायर चोंदला. पण ताज्या बर्फावर तेच हवं असतं. बर्फ बर्फाला रबरापेक्षा जास्त घट्ट धरतो. म्हणूनच नक्षी झिजली की हिवाळी टायरचा उपयोग झपाट्याने कमी होतो. जर्मन कायद्याने किमान खोली 1.6 मिलिमीटर पुरते. जर्मन वाहनचालकांची मोठी संघटना एडीएसी मात्र हिवाळ्यासाठी 4 मिलिमीटर सांगते, आणि शेजारच्या ऑस्ट्रियात तर हिवाळी टायर म्हणून धरला जायला 4 मिलिमीटर कायद्यानेच लागतात. सुट्टीत साल्झबुर्गला जायचा बेत असेल तर हे आधी मोजून घ्या.

फरक किती पडतो? हिशेब करून पाहू. ताशी 50 किलोमीटर वेग, दाबून बसलेल्या बर्फाचा रस्ता. टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणांक 0.3 धरला तर ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारे 33 मीटरांत थांबते. तोच निम्मा, म्हणजे 0.15 झाला की सुमारे 66 मीटर लागतात. पण मला दुसरा आकडा जास्त अस्वस्थ करतो. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्या जागेवरून दुसरी गाडी अजून ताशी 35 किलोमीटर वेगाने जात असते. रस्ता ओलांडणाऱ्या माणसासाठी हा फरक मीटरांचा राहत नाही. गुळगुळीत पारदर्शक बर्फावर घर्षणांक 0.1 किंवा त्याच्याही खाली जातो. तिथे कोणताही टायर चमत्कार करत नाही, वेग कमी हवा.

आता निवड. ‘हिवाळी टायर’ या एका नावाखाली निरनिराळी घराणी आहेत. फिनलंडमध्ये 1934 साली ट्रकसाठी पहिला हिवाळी टायर बनला आणि 1936 साली मोटारींसाठी ‘हक्कापेलिट्टा’ आला. ते नाव आजही चालू आहे. उत्तरेकडचे हे टायर खूप मऊ असतात. काहींत धातूचे खिळे असतात, काहींत नसतात. सतत गोठलेल्या रस्त्यांसाठी ते उत्तम. पण ओल्या, शून्याच्या वर असलेल्या डांबरावर, विशेषतः आउटोबानच्या वेगाला, मध्य युरोपीय हिवाळी टायर त्यांच्यापेक्षा पुष्कळ आधी थांबतो. खिळ्यांचे टायर तर जर्मनीत 1975 पासून बंदच आहेत. स्वीडनमध्ये ते चालतात, तरी स्टॉकहोमच्या हॉर्न्सगाटान रस्त्यावर खिळ्यांनी उडणाऱ्या धुळीमुळे 2010 पासून त्यांना मनाई आहे. तेव्हा स्वीडनहून आलेला कुणी ‘खरे हिवाळी टायर’ स्वस्तात देऊ लागला, तर श्टुटगार्टमध्ये राहणाऱ्याने ते घेऊ नयेत.

टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण अशी खूण असते, ती पाहायचीच. ‘एम प्लस एस’ ही जुनी अक्षरं कुणी तपासून दिलेली नसत. निर्माता स्वतःच ती छापत असे. डोंगराची खूण मिळवायला बर्फावरची ठरलेली चाचणी पार करावी लागते. जर्मनीत 1 ऑक्टोबर 2024 पासून फक्त हीच खूण हिवाळी टायर म्हणून धरली जाते. तिथल्या कायद्यात तारखा नाहीत. रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल, गोठलेलं दव असेल तर टायर तसेच हवेत, एवढंच तो म्हणतो. चुकलात तर 60 युरो दंड आणि परवान्याच्या खात्यात एक दंडगुण. लोक मात्र ऑक्टोबर ते ईस्टर असा सोपा हिशेब ठेवतात आणि तो बरा आहे.

मापाच्या बाबतीत छोट्या गाडीचं नशीब चांगलं. एकाच पोलोला 185/65 आर 15 पण चालतात आणि 195/55 आर 16 पण; दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखा, 62 सेंटिमीटरच्या आसपास. गाडीच्या अनुरूपता प्रमाणपत्रात परवानगी असलेलं सर्वांत लहान रिम निवडा. अरुंद टायर पाणी आणि बर्फाचा चिखल सहज कापतो, त्याची भिंत उंच असल्याने खड्ड्यात रिम वाचतं, बर्फात चाकाला लावायच्या साखळीला जागा जास्त मिळते आणि किंमतही उतरते. रुंद टायर दिसायला ऐटदार असतो, पण या कामात ती ऐट उपयोगाची नाही. भारांक मात्र कागदात लिहिलाय त्याहून कमी नको. 88 म्हणजे एका टायरवर 560 किलो. वेगाच्या अक्षराबाबत थोडी सवलत आहे. गाडीचा कमाल वेग जास्त असला तरी हिवाळी टायर कमी वेगाचा चालतो, उदाहरणार्थ ‘टी’ म्हणजे ताशी 190. पण ती मर्यादा चालकासमोर चिकटपट्टीवर लिहावी लागते.

कंपनी कोणती, हे विचारण्याआधी राहता कुठे ते सांगा. हांबुर्ग किंवा कोलोनला हिवाळा म्हणजे मुख्यतः थंड पाऊस. तिथे ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग सगळ्यांत महत्त्वाचं. युरोपीय लेबलवर त्याची ए ते ई श्रेणी छापलेली असते. निदान बी शोधा. ऑलगॉय किंवा श्वार्त्सवाल्डच्या डोंगरात राहणाऱ्याने बर्फावरच्या चाचण्यांना जास्त वजन द्यावं. लेबलवर डोंगराची खूण असते, पण बर्फावर टायर किती चांगला याची श्रेणी नसते. ती माहिती एडीएसीच्या वार्षिक चाचण्यांत मिळते. त्यातही आपल्याच मापाची किंवा जवळच्या मापाची चाचणी वाचा, कारण मोठ्या गाडीच्या रुंद टायरचा निकाल छोट्या मापाला लागू होईलच असं नाही. या बाजारात आपल्या ओळखीची नावंही आहेत. मुंबईच्या सीएटचे हिवाळी टायर युरोपात विकले जातात, आणि मूळची डच असलेली फ्रेडेस्टाइन 2009 पासून अपोलोच्या मालकीची आहे. आपलेपणा म्हणून घ्यायला हरकत नाही, पण चाचणी वाचूनच.

बारमाही टायरांबद्दल माझं मत पूर्वीपेक्षा मवाळ झालं आहे. शहरात राहणारा, वर्षाला थोडंच चालवणारा आणि बर्फ पडला की ट्रेनने जाऊ शकणारा माणूस डोंगराची खूण असलेले बारमाही टायर घेऊ शकतो. रोज पहाटे डोंगरातून कामावर जाणाऱ्याने मात्र घेऊ नयेत.

जुने टायर विकत घेत असाल तर भिंतीवरच्या लंबगोलातले चार आकडे वाचा. 3523 म्हणजे 2023 सालचा 35वा आठवडा. हिवाळी टायरचा मऊपणा वयाने जातो, नक्षी कितीही दिसत असली तरी. आठ वर्षांपेक्षा जुना मी कुणाला सुचवणार नाही.

फ्रंट-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचे टायर लवकर झिजतात, कारण ओढणं, वळणं आणि ब्रेकचा मोठा वाटा, तिन्ही कामं त्यांच्यावर. म्हणून दर हंगामाला बदलताना खोली मोजायची आणि जास्त नक्षी असलेली जोडी मागे घालायची. टायरवाल्याकडे कुणी ‘चांगले पुढे घाला, गाडी ओढायला’ असं सांगताना ऐकलं तर त्याला थांबवा. काढलेल्या प्रत्येक टायरवर तो कुठल्या चाकाचा होता हे खडूने लिहून ठेवा. सहा महिन्यांनी आठवत नाही.

पैशांचा मुद्दा राहिला. दुसरे चार टायर घेतले म्हणजे आधीचे चार त्या महिन्यांत झिजत नाहीत. एकूण खर्च वाटतो तितका वाढत नाही. स्वतंत्र लोखंडी रिमवर बसवून घेतले तर दर वेळी टायर उतरवण्या-चढवण्याची मजुरी वाचते. गाडीत हवेचा दाब मोजणारे सेन्सर चाकाच्या आत असतील, तर दुसऱ्या जोडासाठीही ते लागतील. एबीएसवरून अंदाज बांधणारी यंत्रणा असेल तर नुसती नव्याने नोंद करायची. तापमान दहा अंश उतरलं की दाब सुमारे 0.1 बारने कमी होतो, तेव्हा पहिल्या गारठ्यात हवा तपासा, तीही टायर थंड असताना. आणि चाकं घरी बदललीत तर बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या जोराने टॉर्क पान्याने आवळा. 50 किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासा.