नव्या मांजराच्या रात्री

नव्याने घरी आणलेले मांजर रात्री २-३ वाजता घरभर धावू लागते, दार ओरबाडते आणि आर्त स्वराने ओरडते, तेव्हा पुष्कळ सज्जन त्याला परत पाठविण्याच्या निर्णयाप्रत येतात. परंतु हा हट्ट नसून त्याची प्रकृती आहे, हे प्रथम ध्यानी घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्या आफ्रिकी रानमांजरापासून त्याची उत्पत्ती झाली, त्याच्याप्रमाणेच त्याचा उत्साह पहाटेच्या व सायंकाळच्या संधिप्रकाशात उसळतो, आणि आपण कचेरीत असताना ते दिवसभर निजले असेल, तर ती सारी शक्ती रात्रीकरिता शिल्लक राहते.

शिकार, भोजन, अंग चाटणे आणि निद्रा हा त्याचा स्वाभाविक क्रम असल्यामुळे आपण निजण्यापूर्वी १०-१५ मिनिटे काठीला बांधलेले पीस त्याच्यापुढे नाचवावे, अखेरीस ते त्याला पकडू द्यावे आणि लगेच जेवण वाढावे. याहून गुणकारी तजवीज माझ्या अनुभवात दुसरी नाही. आरंभीचे काही दिवस त्याचा मुक्काम एकाच खोलीत असावा. तेथे लपावयास खोके आणि वाळूचे तबक ठेवावे. पहाटेच्या ओरडण्याला खाऊ मात्र देऊ नये, कारण एकदा मंजूर झालेला अर्ज ते रोज गुदरते. दुर्लक्ष केल्यावर आरडाओरड आधी वाढते आणि मगच ओसरते. मारणे सर्वथा वर्ज्य.

नसबंदी न झालेली मांजरी माजावर असतानाही रात्रभर साद घालते. बोका मात्र वारंवार लघवीला बसत असेल आणि लघवी होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याला पशुवैद्याकडे न्यावे.