तोंडाने भरायची बंदूक

नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा आणि त्यावर गोळी अथवा छर्रे घालून, हे सारे गजाने तळापर्यंत ठासून जी उडवायची, ती ठासणीची बंदूक होय. जगातील लष्करांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टाकून दिली आणि मागून काडतूस घालण्याची बंदूक स्वीकारली. तरीही दोन ठिकाणी ती आजतागायत टिकून आहे. एक ठिकाण म्हणजे भारतातील डोंगराळ शेती, आणि दुसरे म्हणजे अमेरिकेतील हौशी शिकाऱ्यांचे जंगल. पहिल्या ठिकाणी तिचे रूप दीडशे वर्षांत फारसे हललेले नाही, तर दुसऱ्या ठिकाणी ती गेल्या चाळीस वर्षांत इतकी बदलली आहे की तोंडाने भरणे एवढेच तिच्यात जुने उरले आहे. या फरकाचे श्रेय किंवा दोष कारागिरांच्या कौशल्याकडे जात नाही. तो दोन देशांच्या कायद्यांनी घडवला आहे, आणि पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांच्या शेतावर उभे राहून पाहिले असता तो विशेष स्पष्ट दिसतो.

जव्हार आणि मोखाडा हे सह्याद्रीच्या पायथ्याकडील उंचसखल प्रदेशातील शेजारी तालुके आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, तेव्हा दोन्ही नव्या जिल्ह्यात आले. येथील वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी कुटुंबांची शेती खाचरातील भातापुरती मर्यादित नसून उताराच्या वरकस जमिनीवर नागली, वरई, उडीद आणि खुरासणी ही पिके घेतली जातात. पालापाचोळ्याचा राब भाजण्यापासून मळणीपर्यंतच्या श्रमांचे फळ पदरात पडण्याचे दिवस म्हणजे भाद्रपदाची अखेर ते कार्तिक, आणि नेमक्या याच दिवसांत रानडुकरांचे कळप रात्री शेतात उतरतात. डुक्कर खाते त्यापेक्षा लोळून आणि उकरून नासाडी अधिक करते. कळप एका रात्री येऊन गेला की उतारावरच्या छोट्या तुकड्यात कापण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणून माळा बांधून राखणीला बसणे, डबे बडवणे, शेकोटी पेटती ठेवणे, गोफण फिरवणे हे उपाय पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. शिकारीचे येथील जुने हत्यार तीर-कामठा. बंदूक त्यामानाने उशिरा आली आणि थोड्याच घरांत आली.

ती आली तेव्हा या दोन तालुक्यांची राजकीय स्थिती एकसारखी नव्हती. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम जव्हारजवळच्या शिरपामाळावर झाल्याची परंपरा तेथे अभिमानाने सांगितली जाते, आणि हे संस्थान १९४८ साली विलीन होईपर्यंत टिकले. मोखाडा मात्र इंग्रजी अंमलाखालच्या ठाणे जिल्ह्यात मोडत होता. सह्याद्रीच्या या पट्ट्यात महादेव कोळ्यांचे उठाव वारंवार झाले होते. त्यांचे एक पुढारी राघोजी भांगरे यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. १८५७ नंतर निःशस्त्रीकरणाचे धोरण देशभर कडक झाले आणि व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा सर्वसामान्य भारतीयाच्या दृष्टीने गुन्हा ठरवला. कोडगूमधील कोडवांसारख्या काही समूहांना त्यातून सूट मिळाली. सह्याद्रीतील आदिवासींना मिळाली नाही.

स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ साली झाला आणि त्याच्या कलम १३ मध्ये ठासणीच्या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख आहे. पिकाच्या प्रामाणिक संरक्षणासाठी नागरिकाने अशा बंदुकीचा परवाना मागितल्यास, कायद्यातील नकाराची इतर कारणे लागू होत नसतील, तर परवाना द्यावा, असे ते कलम सांगते. आणि ठासणीची बंदूक अपुरी पडते अशी अधिकाऱ्याची खात्री पटल्यास शेतकऱ्याला दुसरी एखादी गुळगुळीत नळीची बंदूक देता येईल, अशी पुस्ती त्याला जोडते. गुळगुळीत नळी म्हणजे जिच्या आतून पेच कोरलेले नाहीत अशी नळी. पेच असले की गोळी स्वतःभोवती फिरत सरळ आणि लांब जाते, आणि तिला रायफल म्हणतात. कलमातील ‘दुसरी एखादी’ या शब्दयोजनेवरून कायदेकर्त्यांच्या डोळ्यांसमोर कोणते हत्यार होते ते उघड होते: साधी नळी, थोडका पल्ला, भरायला वेळ लागणारी, एका बारानंतर रिकामी होणारी बंदूक. शेतकऱ्याला संरक्षण मिळावे पण त्याच्या हातातले शस्त्र राज्यसत्तेला धोकादायक ठरू नये, असा हा तोल आहे. त्यात शेतकऱ्याची गरज मान्य झाली ही मोठी गोष्ट होती, परंतु गरज मान्य करताना तिच्यासाठीचे यंत्र मात्र १८६० च्या आसपास गोठवून टाकले गेले.

त्या गोठलेल्या यंत्राची रचना समजून घेण्यासारखी आहे. नळीचे मागचे तोंड पेचाच्या खुंटीने कायमचे बंद केलेले असते आणि नळीच्या बाजूला, तिच्याशी काटकोनात, एक पोकळ चोच बसवलेली असते. या चोचीवर तांब्याची टोपी चढवतात. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपीतील स्फोटक कण पेटतो आणि त्याची ठिणगी चोचीतून खाली उतरून, वळण घेऊन दारूपर्यंत पोहोचते. टोपीच्या आधी जामगीची, म्हणजे पेटत्या वातीची, आणि नंतर चकमकीची बंदूक होती. चकमकीच्या कानापाशी रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, उडाली की पक्षी सावध होतात या अडचणीतून स्कॉटलंडचे पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ यांनी आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचा शोध लावून १८०७ साली त्याचे पेटंट घेतले, आणि पुढच्या दोन दशकांत त्याला टोपीचे रूप आले. टोपीने पावसाचा प्रश्न पुष्कळसा सोडवला, पण पुरता सोडवला नाही, कारण जव्हारसारख्या मुसळधार पावसाच्या भागात दमट हवा टोपीच्या कडेने आत शिरते, चोचीत काजळी साचते, ठिणगी वळणावर अडते आणि नुसती टोपी वाजून बार आतच राहतो.

दारूचा स्वभाव हा या साऱ्याचा गाभा आहे. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू पेटली की तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता धूर आणि राख होतो. म्हणूनच बारानंतर पांढरा लोट उठतो आणि नळीत काळा, चिकट थर बसतो. हा थर हवेतील पाणी शोषून घेतो आणि लोखंडाला रात्रीत गंज चढवतो. त्यामुळे ठासणीची बंदूक बाळगणाऱ्याचे निम्मे काम उकळत्या पाण्याचे असते: चोच काढायची, नळी पाण्यात उभी करून गजाला बांधलेल्या चिंधीने ते पाणी वरखाली खेळवायचे, पहिले पाणी शाईसारखे येते, तिसरे-चौथे स्वच्छ येते, मग तापलेली नळी आपोआप कोरडी होते आणि तिला आतून तेलाचा हात फिरवायचा. एवढे कष्ट घ्यायला लावणाऱ्या या दारूचा एक गुण मात्र मोलाचा आहे. ती बंदिस्त जागेतही जळण्याचा वेग फार वाढवत नाही, म्हणून दाब मर्यादेत राहतो आणि साध्या पोलादाची नळी तो सोसते.

बिनधुराच्या दारूचे तसे नाही. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ साली नायट्रोसेल्युलोजपासून ती तयार केली. ती जवळजवळ पूर्णपणे वायूत बदलते, राख ठेवत नाही, आणि दाब वाढेल तशी अधिकाधिक वेगाने जळत जाते, म्हणजे दाबाने वेग आणि वेगाने दाब असे चक्र सुरू होते. काळ्या दारूसाठी घडवलेल्या नळीत ती घातल्यास मागची खुंटी किंवा नळीच फुटते आणि तिच्यापाशी असलेला डावा हात व चेहरा जायबंदी होतो. दोन्ही दारवांचे दाणे अनोळखी नजरेला सारखे भासू शकतात, ही गोष्ट जितक्या वेळा सांगावी तितकी थोडीच आहे.

अमेरिकेत ठासणीची बंदूक पुन्हा वर आली ती शिकारीच्या नियमांमुळे. तेथील अनेक राज्यांनी अशा बंदुका वापरणाऱ्यांसाठी शिकारीचा स्वतंत्र हंगाम राखून ठेवला. पेनसिल्व्हेनियाने १९७४ साली तो केवळ चकमकीच्या बंदुकांना दिला. गर्दी टळावी, जनावराला संधी मिळावी आणि जुनी विद्या जपली जावी असा त्यामागचा हेतू होता. परंतु ‘तोंडाने भरलेली’ एवढीच अट जेथे होती, तेथे कारागिरांनी त्या अटीच्या आत राहून बाकी सारे बदलायला सुरुवात केली. मिसुरी राज्यातील टोनी नाइट यांनी १९८५ साली एमके-८५ ही रायफल बाजारात आणली. तिच्यात घोडा बाजूला न ठेवता नळीच्या अगदी मागे, एकाच रेषेत ठेवला होता, त्यामुळे ठिणगीला वळण घ्यावे लागत नव्हते. या रचनेला ‘इनलाइन’ म्हणतात. तिची मागची खुंटी काढता येत असल्याने नळी आरपार पुसता येऊ लागली. पुढे तांब्याच्या टोपीऐवजी छर्र्याच्या काडतुसातली ‘२०९’ जातीची दणकट टोपी आली, गोल शिशाच्या गोळीऐवजी प्लास्टिकच्या छोट्या पेल्यात बसवलेली टोकदार गोळी आली, आणि काळ्या दारूऐवजी पायरोडेक्स हे तिचे पर्यायी मिश्रण आधीच उपलब्ध झाले होते. पायरोडेक्सचे जनक डॅन पॉलक यांचा १९७७ साली स्वतःच्याच कारखान्यातील स्फोटात मृत्यू झाला. दारूच्या धंद्याने आपल्या माणसांकडून कायमच जबर किंमत वसूल केली आहे.

शेवटची पायरी उत्तर कॅरोलायनातील कारागीर हेन्री बॉल यांनी गाठली. बिनधुराची दारू सोसू शकेल अशी तोंडाने भरायची रायफल त्यांनी रचली आणि सॅव्हेज कंपनीने २००० च्या सुमारास ती ‘१० एमएल’ या नावाने विकायला काढली. आधुनिक काडतूस रायफलीचा दणकट सांगाडा, त्याच ताकदीच्या पोलादाची नळी, टोपी बंदिस्त ठेवणारा बोल्ट आणि वायू मागे उलटू न देणारे, बदलता येणारे बारीक भोक ही तिची वैशिष्ट्ये होत. धूर गेला, गंज गेला, पाण्याची उठाठेव गेली. कंपनीने दहाएक वर्षांनी तिचे उत्पादन थांबवले, तरी खासगी कारागीर त्या धर्तीच्या रायफली आजही बांधतात आणि दोनशे मीटरपलीकडे नेम धरतात. पण या प्रकारातील धोका मुळातला आहे: काडतूस कारखान्यातून मोजून येते, येथे मात्र दर बाराला दारू माणूस मोजतो, आणि माणूस चुकतो. कौतुक करताना हे विसरता येत नाही. हंगाम ज्या हेतूने राखला होता तो या रायफलीने पोकळ केला, हा जुन्या मंडळींचा आक्षेपही रास्त आहे. म्हणूनच काही राज्यांनी उघडी टोपी किंवा चकमक यांची सक्ती कायम ठेवली आहे.

जव्हार-मोखाड्यात यांतले काही पोहोचण्याचा मार्ग नाही. पेच कोरलेली रायफल कलम १३ ची पीक-संरक्षणाची सवलत धरून मागता येत नाही, आणि मागण्याचे कारणही तोकडे आहे, कारण माळ्यावरून बार निघतो तो बहुतेकदा कळप उठवण्यासाठी. रानडुक्कर हा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कक्षेत येतो. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, आणि पिकाची नासाडी करणारे जनावर मारायचे तर वनखात्याची वेगळी अनुमती लागते. अंधारात हालचाल पाहून झाडलेला बार माणसाला लागल्याच्या बातम्या कोकणपट्टीत अधूनमधून येतात, त्यांच्यामागे बहुधा विनापरवाना शिकार आणि गावठी बनावटीची नळी असते. त्यामुळे परवानाधारक शेतकऱ्याकडेही संशयाने पाहिले जाते, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याची बंदूक पोलीस दप्तरी ‘एस.बी.एम.एल.’, म्हणजे एकनळी ठासणीची, या चार अक्षरांनी नोंदलेली असते, तिच्यावर क्रमांक असतो, दारूची आणि टोप्यांची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते.

मिसुरीतील शिकारी आणि मोखाड्यातील राखणदार यांच्या हातात एक गोष्ट मात्र अगदी सारखी राहते, ती म्हणजे गजावरची खूण. रिकाम्या नळीत गज सोडला की तो तोंडाशी जेथे येतो तेथे एक रेघ कोरतात आणि भरलेल्या नळीत जेथे अडतो तेथे दुसरी. तोंडाने भरायच्या बंदुकीत बार आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. टोपी काढली तरी दारू आतच असते. गज सोडून रेघ पाहणे हीच खात्री, आणि दुहेरी बार भरला जाण्यापासून नळीला तीच वाचवते.

ही खूण दर पाच वर्षांनी एका विशिष्ट कामी येते. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २०१४ साली १५ ऑक्टोबरला, २०१९ साली २१ ऑक्टोबरला आणि २०२४ साली २० नोव्हेंबरला झाले, म्हणजे आचारसंहितेचा काळ तिन्ही वेळा भात आणि नागली उभी असतानाच किंवा खळ्यावर येत असतानाच पडला. बंदूक जमा करायची तर ती रिकामी हवी, आणि काडतुसाप्रमाणे ठासणीचा बार नुसता काढून खिशात घालता येत नाही. तो गजाच्या टोकाला पेचकस लावून चिकाटीने उपसावा लागतो किंवा उडवून टाकावा लागतो. मग शेताच्या बांधावर आकाशाकडे नळी करून शेवटचा बार काढला जातो, गज सोडून रिकाम्या नळीची रेघ तोंडाशी आल्याची खात्री होते, नळी उकळत्या पाण्याने धुतली जाते, आणि ज्या आठवड्यांसाठी ती बंदूक घरात आहे त्याच आठवड्यांत ती ठाण्याच्या कोठीत जाऊन पडते, तर राखणदार डबा आणि काठी घेऊन माळ्यावर चढतो.