औषध क्षयाचे, मरण धुळीचे

दगडखाणीत, खडी क्रशरवर किंवा गारगोटी दळण्याच्या कारखान्यात राबणारा मजूर खोकत खोकत दवाखाना गाठतो. एक्स-रेवर डाग दिसतात, केसपेपरवर 'क्षय' लिहिले जाते आणि गोळ्या सुरू होतात. पोटासाठी तू काय काम करतोस, हे मात्र बहुतेकदा विचारले जात नाही. हा न विचारलेला प्रश्नच त्याचा घात करतो.

सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात खोलवर जाऊन बसते. जंतू गिळणाऱ्या तिथल्या पेशींनाच ती मारते. हाच सिलिकोसिस. पहारेकरीच मेल्यावर क्षयाच्या जंतूला रान मोकळे मिळते. डॉक्टर याला संधिसाधू संसर्ग म्हणतात. फुप्फुसाच्या साध्या क्षयाला सहसा सहा महिन्यांची औषधे पुरतात. सिलिकोसिस असेल तर ती किमान आठ महिने देण्याची शिफारस आहे, नाहीतर क्षय उलटतो. उलटपक्षी, क्षय नसताना केवळ डाग पाहून दिलेल्या गोळ्यांचा सिलिकोसिसवर काडीचाही उपयोग नाही. हा रोग बरा करणारे औषध नाही. काम सोडले तरी तो वाढू शकतो.

मग निदानाचा एवढा आग्रह कशासाठी? कारण क्षय म्हटले की दोष जंतूचा, मजुराच्या बिडीचा. सिलिकोसिस म्हटले की दोष मालकाच्या धुळीचा! 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत सिलिकोसिसबरोबर त्यातून उद्भवणारा क्षयही होता. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतील व्यवसायजन्य रोगांच्या यादीतही सिलिकोसिस आहे. पण कागदावर नुसते 'क्षय' असेल तर भरपाई मागायची कशाच्या आधारे?

मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआ, धारचे आदिवासी गुजरातेतील गारगोटीच्या कारखान्यांत राबले आणि धुळीने मेले. 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये दिला. राजस्थानने 2019 मध्ये सिलिकोसिससाठी स्वतंत्र धोरण आणले. दोन्ही ठिकाणी आधी रोगाचे खरे नाव लिहून घ्यावे लागले.

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी त्याच काळात झाली. कामगाराचे आरोग्य ही दया नव्हे, हक्क आहे, हा त्यामागचा विचार. तो वारसा सांगणाऱ्या कार्यकर्त्यांनी रुग्णासोबत दवाखान्यात जावे आणि केसपेपरवर त्याचे काम लिहून घेतल्याशिवाय परतू नये. पाणी मारून दगड फोडला, धूळ ओढून घेणारी यंत्रे बसवली, तर हा रोग टळतो. तोंडाला बांधलेल्या रुमालाने तो टळत नाही!