संसर्गाचा आकडा रुग्णालयाच्या दारापर्यंत कसा येतो

आयसीयूतल्या रुग्णाच्या मानेजवळून किंवा छातीतून मोठ्या शिरेत जी नळी घालतात, तिला सेंट्रल लाइन म्हणतात. तिच्यातून औषध थेट हृदयाजवळ पोचतं. निष्काळजीपणा झाला तर जंतूही त्याच वाटेनं रक्तात शिरतात. असे संसर्ग कोणत्या रुग्णालयात किती झाले, हे अमेरिकेत नावानिशी जाहीर होतं. इलिनॉयनं २००३ मध्ये तसा कायदा केला, पेनसिल्व्हेनियानं २००६ मध्ये रुग्णालयवार आकडे छापले, आणि २०११ पासून मेडिकेअर या सरकारी योजनेनं आयसीयूतल्या या संसर्गाची नोंद मागायला सुरुवात केली.

हा आकडा तयार होतो तो खाटेपाशी. आयसीयूत रोज ठरलेल्या वेळी किती रुग्णांना सेंट्रल लाइन आहे, हे मोजतात. एकाच रुग्णाला दोन लाइन असल्या तरी त्या दिवसापुरता तो एकच धरतात. महिनाभराची बेरीज म्हणजे ‘लाइन-दिवस’. दुसरीकडे संसर्ग नियंत्रण विभागातली परिचारिका ब्लड कल्चरचे, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का या तपासणीचे, अहवाल तपासत असते. संसर्ग लाइनचा म्हणून मोजायचा तर लाइन घालून दोन दिवस उलटलेले हवेत आणि रक्तातला जंतू न्यूमोनियासारख्या दुसऱ्या आजारातून आलेला नसावा. जंतू त्वचेवर नेहमी आढळणारा असेल, तर एका नमुन्यावर भागत नाही. दोन वेगळ्या नमुन्यांत तो सापडावा लागतो आणि तापासारखं लक्षणही असावं लागतं, कारण सुई टोचतानाच तो नमुन्यात आलेला असू शकतो.

समजा, वर्षभरात २,००० लाइन-दिवसांत ५ संसर्ग झाले. म्हणजे दर हजारी २.५. पण एवढ्यावरून दोन रुग्णालयांची तुलना करणं अन्यायाचं ठरेल. भाजलेल्या रुग्णांच्या विभागात धोका मुळातच जास्त असतो. म्हणून विभाग आणि रुग्णालयाचा प्रकार पाहून अपेक्षित संसर्ग किती, याचा हिशोब होतो. तो ४ आला, तर पाचाला चारानं भागून १.२५. एकाहून जास्त म्हणजे अपेक्षेपेक्षा वाईट. मात्र आकडे लहान असले की एखाद्या रुग्णामुळेही गुणोत्तर उलटंपालटं होतं. त्यामुळे हा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हेही तपासावं लागतं. अपेक्षित संख्याच एकाहून कमी असेल, तर गुणोत्तर काढतच नाहीत.

माझ्या मते खरी मेख पुढे आहे. जे रुग्णालय ब्लड कल्चर कमी पाठवतं, त्याला संसर्गही कमी सापडतात. जे मन लावून शोधतं, त्याचा आकडा फुगलेला दिसतो. त्यात २०१४ पासून रुग्णालयातल्या संसर्गांवर आणि इतर अपायांवर मिळून गुण देऊन तळाच्या एक चतुर्थांश रुग्णालयांचे मेडिकेअर एक टक्का पैसे कापते, त्यामुळे कमी शोधण्याचा मोह वाढतो. म्हणून बाहेरच्या माणसांनी मूळ कागद उघडून पडताळणी केल्याशिवाय या आकड्यावर विसंबू नये.

आकडा खरंच खाली येतो, हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यानं दाखवलं. तिथल्या शंभरावर आयसीयूंनी हात धुणं, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकानं त्वचा पुसणं, पूर्ण निर्जंतुक आच्छादन घेणं, मांडीतली शीर टाळणं आणि गरज संपताच लाइन काढणं, एवढंच नेमानं केलं. पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या शोधनिबंधात, मध्यावरच्या आयसीयूचा संसर्गदर हजारी २.७ वरून शून्यावर आल्याची नोंद आहे.

आपल्याकडे एनएबीएच या रुग्णालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या मंडळाची मान्यता असलेली रुग्णालयं हे दर मोजतात, पण ते सहसा आतल्या बैठकीतच राहतात. नातेवाइकांनी निदान एवढं रोज विचारावं: ही लाइन आजही लागतेच का?