आधी वजनकाटा, मग प्रेस

अमेरिकेत हौशी नेमबाज डागलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी सहसा टाकून देत नाहीत. ती घरी आणतात आणि पुन्हा भरतात. याला तिथे रिलोडिंग म्हणतात. काडतुसाचे भाग चार: पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, दारू आणि गोळी. बार काढला की तीन भाग संपतात, पुंगळी उरते. जुना प्रायमर काढायचा, फुगलेली पुंगळी डाय नावाच्या साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू मोजून घालायची आणि वर गोळी बसवायची, एवढंच हे काम. नवखा माणूस या कामाला लागताना पहिल्यांदा विचारतो, "मशीन कोणतं घेऊ?" बहुतेक गैरसमज या प्रश्नातूनच सुरू होतात.

या मशीनला प्रेस म्हणतात. सगळ्यात घातक समज असा, की जितकी वेगवान प्रेस तितकं काम सोपं. सिंगल स्टेज प्रेसमध्ये एका वेळी एकच डाय लागते आणि दांडा ओढला की एका पुंगळीवर एकच क्रिया होते. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये फिरत्या तबकडीवर चार-पाच पुंगळ्या असतात आणि दांड्याच्या एकाच ओढीत प्रत्येकीवर वेगळी क्रिया होते. मुरलेल्या हातात हे यंत्र तासाला शेकडो काडतुसं भरतं. नवख्याला मात्र एकाच क्षणी चार-पाच जागी लक्ष ठेवावं लागतं. मधेच काही अडकलं, दांडा अर्ध्यावरून मागे घेतला, की एखाद्या पुंगळीत दारू दोनदा पडते किंवा पडतच नाही.

दोन्ही चुका गंभीर आहेत. पिस्तुलाच्या पुंगळीत जलद जळणारी दारू इतकी थोडी लागते, की पुंगळी अर्धीसुद्धा भरत नाही. दुप्पट दारू पडली तरी ती आत मावते आणि गोळी बसवल्यावर बाहेरून काहीच कळत नाही. दारू पडलीच नसेल, तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि तिथेच अडकते. आवाज फुसका येतो. बार चुकला असं समजून नेमबाज पुढची गोळी झाडतो आणि नळी फुगते किंवा फुटते. तेव्हा फुसका आवाज आला की थांबायचं, बंदूक रिकामी करायची आणि नळी मोकळी असल्याची खात्री करून घ्यायची.

सिंगल स्टेजचा खरा फायदा इथे दिसतो. पन्नास खाचांच्या ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या उभ्या करायच्या आणि सगळ्यांत दारू घालून घ्यायची. एकही गोळी बसवण्याआधी टेबलावरचा दिवा तिरका धरून पन्नासही तोंडांत डोकावायचं. दारूची पातळी सगळीकडे सारखी दिसायला हवी. एखाद्या पुंगळीत ती जरा वर असली किंवा तळ उघडा दिसला, तर ते लगेच डोळ्यांत भरतं. माझ्या मते पहिली प्रेस सिंगल स्टेजच घ्यावी, ती या एका नजरेसाठी. ती पुढे वायाही जात नाही. नंतर प्रोग्रेसिव्ह घेणारे अनेक जण रायफलची काडतुसं जुन्या प्रेसवरच भरतात.

एका कंपनीची प्रेस घेतली की डाय वगैरे सगळं तिच्याकडूनच घ्यावं लागतं, हाही समज तितकाच पसरलेला आहे. तसं नाही. बहुतेक डाय एकाच मापाच्या असतात: सात सुती, इंचाला १४ आटे. आरसीबीएसच्या प्रेसमध्ये ली, हॉर्नडी किंवा रेडिंगची डाय बसते. डिलनच्या स्क्वेअर डील या प्रेससारखे मोजके अपवाद आहेत, तेवढे आधी विचारून घ्यावेत. तयार किट घेताना आत काय आहे यापेक्षा काय नाही ते बघा. व्हर्नियर आणि पुंगळीचं तोंड कापायचा ट्रिमर त्यात असेलच असं नाही. रायफलची पुंगळी दर वेळी थोडी लांबते. ती जास्त लांब राहिली तर तिचं तोंड चेंबरमध्ये गोळीला आवळून धरतं आणि दाब वाढतो. म्हणून व्हर्नियर पहिल्या दिवसापासून हवा. रायफलच्या पुंगळीला डायमध्ये घालण्याआधी वंगण लावणंही चुकवू नये, नाहीतर ती आतच अडकून बसते.

वजनकाट्याबद्दलचा समज असा, की डिजिटल म्हणजे अचूक. साधा तराजूसारखा बीम काटाही ०.१ ग्रेनपर्यंत मोजतो. डिजिटल काटा झटपट आकडा दाखवतो हे खरं, पण तापमान बदललं, एसीचा किंवा पंख्याचा झोत आला की तो सरकतो. कोणताही काटा घ्या, सोबत प्रमाणित वजनं घ्या आणि दर बैठकीला त्यांवर काटा तपासा. आपल्याकडून गेलेल्या माणसाला इथे एक जास्तीचा धोका आहे. दारूचं माप ग्रेनमध्ये असतं, ग्रॅममध्ये नाही. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, आणि एका ग्रॅममध्ये १५.४३ ग्रेन. डिजिटल काट्यावर एक बटण चुकून दाबलं गेलं की एकक बदलतं, म्हणून आकड्याशेजारचं अक्षर रोज बघायचं.

"दारू म्हणजे दारू, थोडं इकडेतिकडे झालं तर काय?" असं म्हणणाऱ्याच्या शेजारी रेंजवर उभं राहू नये. एच४३५० आणि आयएमआर ४३५० यांच्या नावात आकडा तोच आहे, दारू मात्र वेगळी आहे. एकीचं प्रमाण दुसरीला वापरता येत नाही. लायमन, हॉर्नडी, स्पीअर यांची रिलोडिंगची पुस्तकं प्रत्येक गोळीसाठी कोणती दारू किती घालायची ते देतात. खरेदीच्या यादीत पुस्तक सर्वांत वर असावं, शक्यतो दोन. सुरुवात पुस्तकातल्या कमीत कमी प्रमाणापासून करायची, आणि टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवायचा.

सापडेल ती पुंगळी भरता येत नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारातलं .२२ चं काडतूस रिमफायर असतं. त्याचं ज्वालाग्राही मिश्रण बुडाच्या कडेत भरलेलं असतं आणि घोड्याच्या आघाताने ती कडच चेपते. ते घरच्या या साधनांनी पुन्हा भरता येत नाही. पोलादी आणि ॲल्युमिनियमच्या पुंगळ्याही बाजूला काढायच्या. पोलादी पुंगळी लोहचुंबकाने ओळखता येते. बर्डन पद्धतीच्या पुंगळीच्या बुडाला मधल्या एका छिद्राऐवजी दोन बारीक छिद्रं असतात, तिच्यात डायची पिन मोडते. आणि अनेकदा भरलेल्या रायफलच्या पुंगळीत टोकाशी वाकवलेली पेपरक्लिप घालून आतली भिंत खरवडून बघावी. बुडाच्या जरा वर क्लिप खाचेत अडखळली, तर धातू तिथे पातळ झालेला असतो आणि पुंगळी तुटायला आलेली असते. ती सरळ भंगारात टाकायची.

दारूचा डबा घरात ठेवणं म्हणजे बाँब ठेवणं, ही भीतीही चुकीच्या जागी आहे. धूरविरहित दारू उघड्यावर भराभर जळते, ती स्फोटाचा दाब निर्माण करते बंदिस्त जागेत. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या नियमावलीत घरात मूळ डब्यांतून २० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ९ किलो, दारू आणि १०,००० प्रायमर ठेवण्याची मुभा आहे. जपायचं जास्त ते प्रायमरना. ते आघाताने पेटतात, म्हणून मूळ खोक्यातच राहू द्यावेत, बरणीत ओतू नयेत. नजरेआड राहणारा धोका शिशाचा. डागलेल्या पुंगळ्या साफ करताना शिसं मिसळलेली धूळ उडते. हे काम स्वयंपाकघरात करू नये, मुलांच्या जवळ तर नाहीच. नंतर हात साबणाने धुवावेत.

पैसे वाचतात का? ९ एमएमची तयार काडतुसं स्वस्त मिळतात, त्यामुळे साधनांचा खर्च वसूल व्हायला बराच काळ जातो. रायफलची महाग किंवा दुकानात न मिळणारी जुनी काडतुसं लागणाऱ्याला बचत लवकर जाणवते. अचूकतेच्या स्पर्धा खेळणारे तर हे करतात ते आपल्या रायफलला मानवणारं काडतूस हवं म्हणून.

शेवटचा गैरसमज कायद्याचा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार स्वतःपुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही, ती बनवून विकण्याच्या धंद्याला लागतो. राज्यांचे नियम याहून कडक असू शकतात. पण ही मोकळीक तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला नाही. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला बंदूक आणि काडतूस बाळगायलाच सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे थोडे अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ खाली काडतुसं बनवायला वेगळा परवाना लागतो, बंदूक बाळगायचा परवाना त्यासाठी चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याच्या उल्लंघनाला किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. तेव्हा तिकडच्या नातेवाइकाचं किट बॅगेतून पुण्याला आणायचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो सोडून द्यावा.